गॉर्डन पार्क्स, एला वॉटसन आणि खांद्यावरून घसरलेला पट्टा

जास्वंदी

आधी फोटोच सांगते. वॉशिंग्टन, १९४२. सरकारी ऑफिसात झाडलोट करणारी एक ब्लॅक बाई उभी आहे. अंगात ठिपक्यांचा ड्रेस, डोळ्यांवर चष्मा, एका हातात लांब दांड्याचा झाडू, दुसऱ्या बाजूला फरशी पुसायचा मॉप आणि मागे अमेरिकेचा मोठ्ठा झेंडा वरून खाली सोडलेला, पण तो धूसर. बाई थेट कॅमेऱ्यात बघत नाहीये, नजर जराशी बाजूला. चेहऱ्यावर ना राग ना हसू. एकदा बघितला की हा फोटो डोक्यातून जात नाही, निदान माझ्या तरी गेला नाही.

बाईंचं नाव एला वॉटसन. फोटो काढणारा गॉर्डन पार्क्स, तोही ब्लॅक, तेव्हा २९ वर्षांचा. जन्म १९१२चा, कॅन्ससमधल्या फोर्ट स्कॉट गावात, पंधरा भावंडांतलं शेंडेफळ. प्राथमिक शाळा गोऱ्यांची वेगळी, ब्लॅक मुलांची वेगळी. लहानपणी तीन गोऱ्या पोरांनी ह्याला पोहता येत नाही हे माहीत असून नदीत ढकललं होतं. आई गेली तेव्हा हा जेमतेम पंधराचा, मग बहिणीकडे सेंट पॉलला पाठवलं तर मेहुण्याने ऐन थंडीत घराबाहेर काढलं, रात्री ट्रामच्या डब्यात बसून झोप काढायची अशी वेळ. पियानो वाजवला, हॉटेलात कामं केली, रेल्वेच्या डायनिंग कारमध्ये वेटर झाला. आणि तिथेच कुणी प्रवासी टाकून गेलेल्या मासिकात त्याने दुष्काळाने देशोधडीला लागलेल्या शेतमजुरांचे फोटो बघितले. ते फोटो एका सरकारी खात्यासाठी काढलेले होते, आणि काही वर्षांनी हा त्याच खात्यात फेलोशिप घेऊन गेला.

खात्याचा प्रमुख रॉय स्ट्रायकर. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, कॅमेरा इथे ठेव आणि गावात जा, दुकानात कोट घे, हॉटेलात जेव, थिएटरात सिनेमा बघ. पार्क्स गेला. कोट मिळाला नाही, जेवण नाही, सिनेमा नाही. देशाच्या राजधानीत. संतापून परत आला आणि म्हणाला मला हे दाखवायचंय. स्ट्रायकर म्हणाला, आधी त्या बाईंशी बोल, आणि बोट दाखवलं ते ऑफिसात झाडणाऱ्या बाईंकडे. बाई बोलल्या. वडलांना जमावाने मारून टाकलेलं. नवरा गोळी लागून गेलेला. वर्षाला १०८० डॉलर पगारात घरची पोरंबाळं, नातवंडं सांभाळायची. मग त्याने त्यांना झेंड्यासमोर उभं केलं. फोटो बघून स्ट्रायकर म्हणे हादरलाच, की ह्याने आपल्या सगळ्यांच्या नोकऱ्या जातील.

इथपर्यंतची गोष्ट नेटवर कुठेही मिळते. मला सांगायचंय ते पुढचं. पार्क्स तो एक फोटो काढून निघून गेला नाही. पुढचे काही आठवडे तो एला वॉटसन यांच्या घरी, चर्चमध्ये, दुकानात त्यांच्याबरोबर जात राहिला. स्वयंपाकघरात नातवंडांच्यात बसलेल्या बाई, बायबल वाचून दाखवणाऱ्या बाई. हे सगळे फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साईटवर फुकट बघता येतात. आणि त्यात एक गोष्ट मला टोचली. झेंड्याच्या फोटोखाली तिथे फक्त एवढंच आहे, "सरकारी झाडूवाली". नाव नाही. घरातल्या फोटोंखाली मात्र "मिसेस एला वॉटसन" येतं.

आता हे मला का टोचलं ते सांगते. माझी आजी, आईची आई, शाळेत झाडलोट करायची. मी सातवीत असताना एका पेपरचा फोटोग्राफर शाळेत आला होता, महिला दिनाचं काहीतरी होतं. आजीचा खराटा हातात घेतलेला फोटो छापून आला. खाली "सफाई करणारी महिला". घरात सगळ्यांना केवढा आनंद, मामाने दहा अंक आणले. आजी मात्र दोन दिवस गप्प. मग म्हणाली, "पाच मिन्टं थांबला असता तर हातपाय धुतले असते न् पातळ नीट नेसून आले असते. असा खोचलेला ओचा न् ओले पाय सगळ्या गावानं बघितले." नावाचं ती काहीच बोलली नाही, नावाचं दुःख माझं. तिचं दुःख ओच्याचं होतं.

तेव्हापासून कुठलाही 'कष्टकऱ्याचा' फोटो बघितला की मला हाच प्रश्न पडतो, ह्या माणसाला स्वतःचा हा फोटो बघून काय वाटलं असेल? तुम्हाला काय वाटतं ते लिहा, पार्क्सबद्दल आणखी माहिती असेल तर तीही लिहा.

---

डार्करूमवाला

जास्वंदी, तुझ्या आजीचं वाचून पोटात तुटलं. मी पस्तीस वर्षं लग्नाचे, मुंजीचे, साखरपुड्याचे फोटो काढले आणि माणूस उभं करताना पदर सारखा करा, केस मागे घ्या हे सांगणं हा आमच्या धंद्याचा अर्धा भाग असतो. बातमीवाले ते करत नाहीत, कारण त्यांच्या मते ते खोटं होतं. मी कधी ह्या बाजूने विचारच केला नव्हता.

थोडी भर घालतो. पार्क्सने पहिला कॅमेरा सिएटलला गहाणवट्याच्या दुकानातून घेतला, जुना फोइग्टलेंडर, अगदी थोडक्या डॉलरात. पहिल्याच रोलला समुद्रपक्ष्यांचे फोटो काढताना पाण्यात पडला आणि कॅमेरा वर धरून बाहेर आला. मग सेंट पॉलला एका बायकांच्या कपड्यांच्या दुकानात जाऊन म्हणाला मला फॅशनचे फोटो काढू द्या, आणि मालकिणीने काढू दिले! पहिल्या दिवशी एक सोडून सगळ्या फिल्मवर डबल एक्स्पोजर झालं, म्हणजे एकावर एक दोन फोटो. तो एकच चांगला आलेला फोटो मोठा करून दाखवला आणि त्याच्यावर काम टिकलं. ज्याने कधी फिल्म बिघडवलीय त्याला कळेल त्या रात्री माणसाचं काय झालं असेल ते.

हे मुद्दाम लिहितोय कारण लोकांना वाटतं हा फक्त गरिबीचे फोटो काढणारा. ह्याने पुढे व्होग ह्या फॅशनच्या मासिकासाठी काम केलं, पॅरिसला जाऊन फॅशनचे फोटो काढले. उभं कसं करायचं, कापड कसं पडतं, उजेड गालावर कुठून घ्यायचा हे सगळं त्याला त्या सेंट पॉलच्या दुकानापासून येत होतं आणि तेच हात एला वॉटसनसाठी वापरले. म्हणून ती बाई बिचारी वाटत नाही. राणीसारखी उभी आहे.

---

रानवारा

फोटो भारी आहेत ह्यात वाद नाही. पण मला एक खटकतं ते स्पष्ट लिहितो, राग मानू नये. फोटो छापून आल्यावर त्या माणसांचं काय झालं हे बघा.

१९५६ मध्ये लाईफ ह्या फोटोंसाठी गाजलेल्या अमेरिकन मासिकासाठी पार्क्स दक्षिणेतल्या अलाबामात गेला, मोबिल आणि आजूबाजूची खेडी, एकाच मोठ्या कुटुंबाचे फोटो काढले. त्यातल्या एक लेक शिक्षिका. त्या छापील मासिकात उघड बोलल्या की गोऱ्यांच्या आणि ब्लॅक मुलांच्या शाळा एकत्र झाल्या पाहिजेत. अंक आला आणि त्यांची नोकरी गेली, नवऱ्याचा लाकडाचा धंदा गोऱ्यांनी बसवला, शेवटी घरदार सोडून निघायला लागलं. लाईफने पुनर्वसनाला पैसे दिले हे खरं, पण गाव गेलं ते गेलंच ना.

१९६१, रिओची झोपडपट्टी. फ्लाव्हियो नावाचा बारा वर्षांचा पोरगा, दमा, अंगात जीव नाही आणि आईवडील कामावर म्हणून धाकट्या सगळ्या भावंडांचं तोच बघतो. फोटो छापले, वाचकांनी पैशाचा पाऊस पाडला, पोराला डेन्व्हरच्या हॉस्पिटलात आणून दोन वर्षं उपचार केले, तो जगला. मग परत पाठवला. त्याला यायचं नव्हतं. दोन वर्षं वेगळं जग बघून तो पोरगा परत त्याच शहरात.

आणि १९६८, न्यूयॉर्कच्या हार्लेम ह्या ब्लॅक वस्तीतलं एक कुटुंब. मासिकाने आणि वाचकांनी मिळून त्यांना क्वीन्समध्ये घर घेऊन दिलं, आणि थोड्याच महिन्यांत त्या घराला आग लागून बाप आणि एक मुलगा गेले. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं.

पार्क्स वाईट माणूस होता असं मी म्हणत नाहीये, पण फोटो काढणाऱ्याचं नाव झालं आणि फोटोतल्यांच्या वाट्याला हे आलं, ह्याचं काय करायचं?

---

सातासमुद्रापार

रानवारा, राग कशाला, प्रश्न बरोबरच आहे. पण आगीचा दोष फोटोवर टाकता येत नाही. आणि अलाबामात नोकरी गेली ती फोटोमुळे नाही, नोकरी काढून घेणाऱ्यांमुळे गेली. त्या बाई न घाबरता बोलल्या, त्यांना काय होऊ शकतं ते तिथे राहणाऱ्या बाईला माहीत नसेल का? त्यांचं ते धाडस पार्क्सच्या खात्यावर जमा करू नका आणि त्यांची किंमतही त्याच्या नावावर खर्ची टाकू नका.

मी गेली बावीस वर्षं न्यू जर्सीत आहे. ह्याच अलाबामाच्या मालिकेचे प्रिंट्स मी एका प्रदर्शनात समोर उभी राहून बघितले. रंगीत आहेत हो सगळे! त्या काळातला अन्याय आपण कायम काळापांढरा बघितलेला असतो त्यामुळे तो फार लांबचा वाटतो, आणि इथे एकदम गुलाबी फ्रॉक, निळं आकाश, हिरवं गवत. एका फोटोत कुंपणाच्या जाळीला हात लावून पोरं उभी आहेत, पाठमोरी, आणि जाळीपलीकडे गोऱ्या मुलांचं खेळायचं मैदान. एकाही पोराचा चेहरा दिसत नाही. मी तिथे बराच वेळ उभी होते, माझा मुलगा तेव्हा त्याच वयाचा.

ह्यातले बरेचसे फोटो हरवले असंच सगळे धरून चालले होते. पार्क्स गेला २००६ मध्ये. त्यानंतर पाचसहा वर्षांनी त्याच्या फाउंडेशनला एका खोक्याच्या तळाशी दोनशेच्या वर रंगीत ट्रान्सपरन्सी, म्हणजे फिल्मवरचे मूळ फोटो, सापडल्या. म्हणजे छप्पन्न साली अंकात आले ते सव्वीस, बाकीचे जगाने बघितलेच नव्हते.

आणि पाण्याच्या नळाचा फोटो. दोन नळ, एकावर गोऱ्यांसाठीची पाटी, एकावर कलर्डची, म्हणजे ब्लॅक लोकांसाठीची, आणि कलर्डच्या नळाशी ब्लॅक कुटुंब पाणी पितंय. मी महाडची. मला त्या फोटोसमोर कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. चवदार तळं आमच्या घरापासून चालत दहा मिनिटं.

---

घाटमाथा

सातासमुद्रापार ताई, शेवटच्या ओळीला काटा आला अंगावर.

जास्वंदी, तुमच्या आजीच्या ओच्यावरून मला ह्याच मालिकेतला एक फोटो आठवला आणि तुम्हाला तो माहीत असेल असं वाटतंय. मोबिलमधल्या डिपार्टमेंट स्टोअरबाहेर एक बाई आणि तिची भाची उभ्या आहेत. दोघी इतक्या छान नटलेल्या, बाईंचा फिकट निळा ड्रेस, पोरीचा झालरीचा फ्रॉक. डोक्यावर निऑनची पाटी, "कलर्ड एंट्रन्स". आणि बाईंच्या आतल्या स्लिपचा पट्टा खांद्यावरून घसरून दंडावर आलाय.

तो पट्टा म्हणजे ह्या फोटोचा प्राण असं समीक्षकांनी किती लिहिलंय. एवढ्या निगुतीने नेसलेली बाई आणि एक छोटीशी गोष्ट निसटलेली वगैरे. मलाही तसंच वाटायचं. मग खूप वर्षांनी पत्रकारांनी त्या बाईंनाच गाठलं, तेव्हा त्या काय म्हणाल्या असतील? की पट्टा घसरलाय हे त्या फोटोग्राफरने मला सांगायला हवं होतं! चांगलं नेसून बाहेर पडायचं हा त्यांचा बाणा होता, त्याने आपण कुणापेक्षा कमी नाही असं वाटायचं. आणि दुसरी गोष्ट, बाई त्या दारातून आत जाणारच नव्हत्या. भाचीला आतून पॉपकॉर्नचा वास आला आणि तिने हट्ट धरला, आणि ह्या विचार करत उभ्या की पोरीला मागच्या दाराने न नेता पॉपकॉर्न कुठे मिळेल.

आपण बघतो ती पाटी. त्यांच्या डोक्यात पॉपकॉर्न.

---

जास्वंदी

घाटमाथा, खरं सांगते, मला पट्ट्याचा फोटो माहीत होता पण बाई असं म्हणाल्या हे माहीत नव्हतं. वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. आजीच बोलली असं वाटलं.

डार्करूमवाला काका, मग तुम्हीच सांगा, तुम्ही असता तर पट्टा सारखा करायला सांगितला असता का?

---

डार्करूमवाला

सांगितला असता. हो. आणि फोटो थोडा कमी ताकदीचा झाला असता, हेही मला माहीत आहे. रात्रभर ह्यावर विचार केला. मी सांगितलाच असता, कारण ती बाई मला घरच्या बाईसारखी दिसली असती. पण पार्क्सला ती तशी दिसली नाही असं मी म्हणू शकत नाही. भर रस्त्यात, पाटीखाली, तिथे ब्लॅक माणूस कॅमेरा घेऊन उभा आहे हे कुणाच्या डोळ्यावर आलं तर जिवावरच बेतायचं. तो अलाबामात जीव मुठीत धरून फिरत होता. पट्टा त्याला दिसला तरी होता का कोण जाणे, कदाचित एकच फ्रेम मारून निघायचं असेल.

आणखी एक. मासिकात काय छापायचं हे फोटोग्राफरच्या हातात नसतं हे रानवाराने लक्षात घ्यावं. १९४८ मध्ये पार्क्सने हार्लेममधल्या सतरा वर्षांच्या टोळीप्रमुखाबरोबर कित्येक आठवडे काढले. शेकडो फोटो. घरात आईबरोबरचा पोरगा, मित्रांत हसणारा पोरगा, सगळं. छापले एकवीस, आणि त्यात मारामारी, बंदूक, अंधार ह्यांचाच भर. काही फोटो कातरून, काळपट करून लावलेले. पुढे त्याच्या कॉन्टॅक्ट शीट (रोलवरचे सगळे फोटो एकत्र छापलेला कागद) आणि छापलेली पानं शेजारीशेजारी लावून प्रदर्शन झालं तेव्हा लोकांना कळलं, कॅमेऱ्याने बघितलेला मुलगा आणि अंकातला मुलगा ह्यात किती अंतर आहे ते. ह्या कामानंतरच तो लाईफमध्ये पगारी फोटोग्राफर झाला, तिथला पहिला ब्लॅक माणूस. आत गेल्याशिवाय काही करता येत नाही आणि आत गेलं की दुसऱ्याच्या कात्रीखाली, हे त्याला रोज सोसायला लागलं असणार.

---

पडद्यामागे

म्हणूनच तो सिनेमाकडे गेला असं मला वाटतं. मी सिनेमावाला आहे त्यामुळे पक्षपाती असेन पण बघा, मासिकात संपादक कातरतो, कॅप्शन दुसरा लिहितो. १९६९ मध्ये त्याने स्वतःच्याच लहानपणावरच्या कादंबरीवर 'द लर्निंग ट्री' केला, हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओसाठी सिनेमा दिग्दर्शित करणारा पहिला ब्लॅक माणूस. पटकथा त्याची, दिग्दर्शन त्याचं, निर्माता तो, संगीतसुद्धा त्याचंच. आणि शूटिंग कुठे, तर फोर्ट स्कॉटलाच. ज्या गावाने वेगळ्या शाळेत बसवलं त्याच गावाच्या रस्त्यावर हा माणूस क्रेनवर बसून ॲक्शन म्हणतोय आणि गोरे कामगार त्याचं ऐकतायत, ह्या एका चित्रासाठी मी त्याच्यासमोर हात जोडतो. १९८९ मध्ये अमेरिकेने जपून ठेवायच्या सिनेमांची राष्ट्रीय यादी सुरू केली त्यातल्या पहिल्या पंचवीसात हा आहे.

मग १९७१ला 'शाफ्ट'. ह्याला लोक मसालापट म्हणून नाक मुरडतात. मला नाही पटत. सुरुवात आठवा, सिनेमाचा ब्लॅक नायक भुयारी रेल्वेच्या जिन्यातून वर येतो आणि चामड्याचा लांब कोट घालून टाईम्स स्क्वेअरच्या गाड्यांमधून सरळ चालत जातो, कुणासाठी थांबत नाही. एकोणतीस वर्षांपूर्वी ह्याच दिग्दर्शकाला वॉशिंग्टनच्या दुकानात कोट मिळाला नव्हता.

---

सातासमुद्रापार

पडद्यामागे, तो कोट!! मी हे कधी जोडूनच बघितलं नव्हतं.

---

रानवारा

डार्करूमवाला काका, मान्य. कात्रीचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. फ्लाव्हियोबद्दल पण एक लिहायला हवं होतं जे मी गाळलं, पार्क्स त्याला नंतरही जाऊन भेटला, १९७६ मध्ये आणि पुढेही, त्याच्यावर पुस्तक लिहिलं. सोडून दिलं नाही. तरी माझा प्रश्न पूर्ण सुटलाय असं नाही, पण तो एकट्या पार्क्सचा प्रश्न नाही एवढं कळतंय.

---

घाटमाथा

आपल्याकडे सुधारक ओलवे यांचं काम ज्यांनी बघितलं नसेल त्यांनी जरूर बघा. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो, कित्येक वर्षं त्यांच्यात राहून काढलेले. गटारात गळ्यापर्यंत उतरलेला माणूस आहे त्यात आणि त्याच माणसांची घरंही आहेत, बायकापोरं आहेत. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव थेट तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतलं होतं, म्हणजे तिकडचं इथे पोचत होतंच. फोटोत ते पोचायला वेळ लागला असं मला वाटतं, कारण कॅमेरा महाग होता आणि तो कुणाच्या घरात होता हे सगळ्यांना ठाऊक आहे.

---

जास्वंदी

सगळ्यांचे आभार. काल आई आली होती, तिला लॅपटॉपवर एला वॉटसन दाखवल्या. काहीच सांगितलं नाही, कोण, कुठल्या, काही नाही. आईने चष्मा लावला, बराच वेळ बघितलं. पहिलं वाक्य, "झाडू उलटा का धरलाय?" मी बघितलं तर खरंच, झाडूचा झुबका वर आहे, दांडा खाली. इतक्या वेळा बघून माझ्या लक्षात आलं नव्हतं. आई म्हणाली म्हणजे काम चालू नाहीये, कुणीतरी उभं केलंय हिला. मग म्हणाली आपल्याकडे केरसुणी उभी ठेवू नये म्हणतात, तुझी आजी पण ओरडायची.

मी विचारलं, बाई कशी वाटते? तर म्हणे दमलेली आहे, पण घरी जायची घाई नाही हिला, आत्ता कामावर आलीये. "रात्रपाळी आहे का गं हिची?"

होती. ऑफिस सुटल्यावरच झाडायच्या त्या. मी तसं सांगितल्यावर आईने मान हलवली आणि पुढचे फोटो लावायला सांगितले, घरातले. नातवंडांचा लागला तेव्हा म्हणाली, ह्याच्यात बरी दिसते.

आजीचं ते कात्रण मामाकडे ट्रंकेत आहे. दिवाळीत गेले की आणते.